ॲल्युमिनिअमच्या अणूत न्यूट्रॉन किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲल्युमिनिअमच्या एका अणूत किती न्यूट्रॉन असतात?

१४. निसर्गात आढळणारे ॲल्युमिनिअम जवळपास सगळेच्या सगळे ॲल्युमिनिअम-२७ या एकाच प्रकारचे असते. त्याच्या केंद्रकात १३ प्रोटॉन आणि १४ न्यूट्रॉन असतात, केंद्रकाबाहेर १३ इलेक्ट्रॉन. फक्त उत्तर हवे असेल तर एवढे पुरे. पण हीच रीत तांब्याला किंवा चांदीला जशीच्या तशी लावली तर उत्तर चुकते. ते का चुकते, हे पुढच्या काही प्रश्नांत येईल.

हे उत्तर काढायचे कसे?

दोन संख्या लागतात. पहिली अणुअंक, म्हणजे प्रोटॉनची संख्या. ॲल्युमिनिअमचा अणुअंक १३ आहे आणि तो कधीच बदलत नाही. प्रोटॉन १२ झाले की तो अणू मॅग्नेशिअमचा, १४ झाले की सिलिकॉनचा. दुसरी संख्या अणुवस्तुमानांक, म्हणजे केंद्रकातले प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून एकूण किती कण आहेत ते. इथे ती २७ आहे. आता वजाबाकी करा:

न्यूट्रॉनची संख्या = अणुवस्तुमानांक − अणुअंक = २७ − १३ = १४

पडताळा घेण्यासाठी १३ आणि १४ यांची बेरीज करा. २७ आले की झाले. वजाबाकीत चूक क्वचितच होते. चूक होते ती कोणत्या संख्येतून वजा करायचे हे ठरवताना.

आवर्तसारणीच्या चौकटीत दोन संख्या असतात. कोणती कुठली, हे कसे ओळखायचे?

वर-खाली या जागेवर अजिबात विसंबू नका. बऱ्याच तक्त्यांत अणुअंक वर आणि अणुवस्तुमान खाली छापलेले असते. पण एखाद्या अणूची संज्ञा लिहिताना नेमके उलट करतात: संज्ञेच्या डाव्या बाजूला वर अणुवस्तुमानांक (२७) आणि खाली अणुअंक (१३). ‘वरच्यातून खालचा वजा करायचा’ असे पाठ केलेला विद्यार्थी तक्ता पाहून १३ − २७ = −१४ असे लिहितो, मग उणे चिन्ह गुपचूप खोडतो, आणि उत्तर बरोबर आले म्हणून चूक कळतच नाही.

खात्रीची खूण वेगळी आहे. अणुअंक नेहमी पूर्णांक असतो आणि चौकटी ओळीने वाचत गेलात तर तो एकेकाने वाढत जातो: १२, १३, १४. दशांश चिन्ह असलेली, मोठी संख्या ही अणुवस्तुमान. हायड्रोजनच्या चौकटीत १ आणि १.००८ अशा जवळजवळ सारख्या संख्या दिसतात. तिथे वजाबाकी शून्य येते आणि ते बरोबरच आहे, कारण साध्या हायड्रोजनच्या केंद्रकात न्यूट्रॉन नसतो.

तक्त्यात २७ कुठेच नाही, २६.९८ आहे. मग २७ आले कुठून?

२६.९८ (अधिक नेमके सांगायचे तर २६.९८१५) हे अणुवस्तुमान आहे, आणि २७ हा अणुवस्तुमानांक. पहिली राशी वजनासारखी मोजलेली असते आणि तिला एकक असते. दुसरी म्हणजे केंद्रकातल्या कणांची निव्वळ मोजदाद, म्हणून तिच्यात अपूर्णांक येऊच शकत नाही. न्यूट्रॉन अर्धा-पाऊण नसतो.

म्हणून २६.९८ − १३ = १३.९८ न्यूट्रॉन असे उत्तर लिहिले तर ते चूकच. आधी २६.९८ च्या सर्वांत जवळचा पूर्णांक घ्यायचा, म्हणजे २७, आणि मगच वजाबाकी करायची. प्रश्नात ‘ॲल्युमिनिअम-२७’ असे म्हटले असेल तर तेवढेही करावे लागत नाही. नावापुढचा अंक हाच अणुवस्तुमानांक असतो.

जवळचा पूर्णांक घेण्याची ही युक्ती सगळ्या मूलद्रव्यांना चालते का?

नाही. शाळेत ही युक्ती सर्रास शिकवली जाते आणि पहिल्या वीस मूलद्रव्यांपर्यंत ती निभावतेही, त्यामुळे तो नियमच आहे असा समज होतो.

तांबे घ्या. अणुअंक २९, अणुवस्तुमान ६३.५४६. जवळचा पूर्णांक ६४, म्हणून न्यूट्रॉन ३५? निसर्गातल्या तांब्यात ३५ न्यूट्रॉनचा अणू नसतो. तिथे असतात तांबे-६३ (सुमारे ६९ टक्के, न्यूट्रॉन ३४) आणि तांबे-६५ (सुमारे ३१ टक्के, न्यूट्रॉन ३६). ६३.५४६ ही त्या दोघांची सरासरी. तांबे-६४ कृत्रिम रीतीने तयार करता येते, पण ते किरणोत्सारी आहे आणि १२.७ तासांत निम्मे उरते.

चांदीचेही तेच. अणुवस्तुमान १०७.८७, जवळचा पूर्णांक १०८. प्रत्यक्षात चांदी-१०७ (न्यूट्रॉन ६०) आणि चांदी-१०९ (न्यूट्रॉन ६२) अशी जोडी आहे. ब्रोमीनची फसवणूक सर्वांत बेमालूम, कारण ७९.९० पाहून ८० लिहायला कुणाचाच हात कचरत नाही. पण निसर्गात ब्रोमीन-७९ आणि ब्रोमीन-८१ जवळपास निम्मे-निम्मे असतात आणि ब्रोमीन-८० नसतेच. न्यूट्रॉन ४४ किंवा ४६. ४५ कधीच नाही.

क्लोरीनच्या बाबतीत (३५.४५) पूर्णांक ३५ येतो आणि क्लोरीन-३५ खरोखरच सर्वांत जास्त, सुमारे ७६ टक्के असते. उत्तर जमते, पण उरलेल्या २४ टक्के अणूंत १८ ऐवजी २० न्यूट्रॉन असतात, हे त्यात झाकले जाते.

मग ॲल्युमिनिअमला ती का चालते?

कारण ॲल्युमिनिअमचे स्थिर समस्थानिक (प्रोटॉन तेवढेच, पण न्यूट्रॉनची संख्या वेगळी असलेला अणूचा प्रकार) एकच आहे. सरासरी काढायला दुसरे कोणी नाही, त्यामुळे तक्त्यातले अणुवस्तुमान हे ॲल्युमिनिअम-२७ च्याच एका अणूचे वस्तुमान असते. असा ‘एकटा’ गडी असलेली आणखीही मूलद्रव्ये आहेत: फ्लुओरीन-१९ (न्यूट्रॉन १०), सोडिअम-२३ (१२), फॉस्फरस-३१ (१६), मँगनीज-५५ (३०), कोबाल्ट-५९ (३२), आयोडीन-१२७ (७४), सोने-१९७ (११८). या सगळ्यांना ही युक्ती बिनधास्त लावा. इतरांसाठी समस्थानिकांची यादी पाहिल्याशिवाय न्यूट्रॉनची संख्या छातीठोकपणे सांगू नये.

२६.९८ मधला अपूर्णांक समस्थानिकांच्या सरासरीमुळे येतो ना?

नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. तांबे आणि क्लोरीन यांच्या बाबतीत ते खरे आहे, पण ॲल्युमिनिअमचे समस्थानिक एकच असताना सरासरी कशाची काढणार? इथला अपूर्णांक केंद्रकाच्या बंधनऊर्जेतून, म्हणजे केंद्रक बांधले जाताना बाहेर पडणाऱ्या ऊर्जेतून येतो. हिशेब करूनच पाहू.

हायड्रोजनच्या एका अणूचे, म्हणजे एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन यांचे वस्तुमान १.००७८२५ एकक. अशा १३ जोड्यांचे १३.१०१७२५. एका न्यूट्रॉनचे वस्तुमान १.००८६६५, म्हणून १४ न्यूट्रॉनचे १४.१२१३१०. सुटे भाग मिळून २७.२२३०३५ एकक. प्रत्यक्षात जुळलेल्या अणूचे वस्तुमान मात्र २६.९८१५३८. म्हणजे ०.२४१४९७ एकक वस्तुमान ‘हरवले’. केंद्रक बांधले जाताना ते ऊर्जेच्या रूपात बाहेर पडले. एका एककाला ९३१.४९४ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट (केंद्रकाच्या ऊर्जेचे एकक, म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट) या दराने ही ऊर्जा सुमारे २२५ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट भरते, दर कणामागे ८.३३.

आता एक शंका उरते: घट ०.२४ एककाची असेल तर वस्तुमान २७ पेक्षा फक्त ०.०१८ नेच कमी का? कारण ज्या एककात आपण मोजतो ते कार्बन-१२ च्या अणूच्या बाराव्या भागाएवढे धरलेले आहे. कार्बनचे केंद्रकही बांधलेलेच असते, दर कणामागे सुमारे ७.६८ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टने. म्हणजे घट मापपट्टीतच आधी धरलेली आहे. ॲल्युमिनिअमचे केंद्रक कार्बनच्या केंद्रकापेक्षा थोडे अधिक घट्ट बांधलेले आहे, आणि त्या जादा घट्टपणापुरतेच वस्तुमान २७ च्या खाली उतरते.

न्यूट्रॉन १४ च का? प्रोटॉन १३ तर न्यूट्रॉनही १३ का नाहीत?

१३ आणि १३ असलेला अणू असतो. तोच ॲल्युमिनिअम-२६. पण तो टिकत नाही. प्रोटॉनची संख्या विषम आणि न्यूट्रॉनचीही विषम अशी केंद्रके फार क्वचित स्थिर असतात. केंद्रकात प्रोटॉन प्रोटॉनशी आणि न्यूट्रॉन न्यूट्रॉनशी जोडी जमवतात. दोन्हीकडे एकेक कण बिनजोडीचा राहिला की बंधन सैल पडते. हलक्या मूलद्रव्यांत याला अपवाद चारच: ड्यूटेरिअम (हायड्रोजन-२), लिथिअम-६, बोरॉन-१० आणि नायट्रोजन-१४. वर तांबे-६४, चांदी-१०८ आणि ब्रोमीन-८० निसर्गात का नाहीत, त्याचे कारणही हेच. तिघांतही प्रोटॉन विषम आणि न्यूट्रॉनही विषम.

ॲल्युमिनिअममध्ये एक न्यूट्रॉन जास्त घेतला की न्यूट्रॉनच्या सात जोड्या पूर्ण होतात आणि बिनजोडीचा एकच प्रोटॉन उरतो. त्याच्या शेजारच्या, एकूण २७ कणांच्याच केंद्रकांकडे पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. १२ प्रोटॉन आणि १५ न्यूट्रॉनचे मॅग्नेशिअम-२७ साडेनऊ मिनिटांत निम्मे उरते आणि त्याचे ॲल्युमिनिअम-२७ होते. १४ प्रोटॉन आणि १३ न्यूट्रॉनचे सिलिकॉन-२७ सुमारे ४ सेकंदांत निम्मे उरते आणि त्याचेही ॲल्युमिनिअम-२७ च होते. २७ कणांची सर्वांत कमी ऊर्जेची मांडणी १३ आणि १४ हीच.

१४ पेक्षा कमी-जास्त न्यूट्रॉन असलेले ॲल्युमिनिअम असते का?

असते, पण ते सगळे किरणोत्सारी. जवळपासची चार सांगण्यासारखी (अर्धायुकाल म्हणजे निम्मे उरायला लागणारा वेळ):

ॲल्युमिनिअम-२५: न्यूट्रॉन १२, अर्धायुकाल सुमारे ७ सेकंद.
ॲल्युमिनिअम-२६: न्यूट्रॉन १३, अर्धायुकाल सुमारे ७ लाख १७ हजार वर्षे.
ॲल्युमिनिअम-२८: न्यूट्रॉन १५, अर्धायुकाल सव्वादोन मिनिटे.
ॲल्युमिनिअम-२९: न्यूट्रॉन १६, अर्धायुकाल साडेसहा मिनिटे.

यांतले ॲल्युमिनिअम-२६ तेवढे दीर्घायुषी आहे. वैश्विक किरणांच्या माऱ्याने ते वातावरणात आणि उल्कापाषाणांत अत्यल्प प्रमाणात तयार होत राहते. १९६९ मध्ये मेक्सिकोत कोसळलेल्या अयेंदे उल्कापाषाणातल्या कॅल्शिअम-ॲल्युमिनिअमयुक्त पांढऱ्या कणांत मॅग्नेशिअम-२६ अपेक्षेपेक्षा जास्त आढळले, आणि जिथे ॲल्युमिनिअम जास्त तिथे ते जास्त होते. सूर्यमाला घडत असताना त्या कणांत ॲल्युमिनिअम-२६ जिवंत होते, हा त्याचा अर्थ. एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन झाला की १३-१३ चे १२-१४ होते, म्हणजेच मॅग्नेशिअम-२६. हाच क्षय आजही आकाशगंगेत चालू आहे, आणि त्यातून निघणारे १.८०९ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरण अवकाशातल्या दुर्बिणींनी टिपलेले आहेत.

गणितात मात्र ‘ॲल्युमिनिअम’ एवढेच दिले असेल तर २७ च धरायचे.

एखाद्या अणूत १४ न्यूट्रॉन असतील तर तो ॲल्युमिनिअमचाच का?

नाही. मॅग्नेशिअम-२६ (१२ प्रोटॉन) आणि सिलिकॉन-२८ (१४ प्रोटॉन) यांतही १४ च न्यूट्रॉन असतात, आणि दोन्ही स्थिर आहेत. मूलद्रव्याची ओळख फक्त प्रोटॉनवरून ठरते.

न्यूट्रॉन प्रत्यक्ष मोजले कोणी? १४ आहेत हे कशावरून?

केंद्रकात डोकावून एक-दोन-तीन असे कोणी मोजत नाही. दोन वेगवेगळ्या प्रयोगांतून दोन संख्या मिळतात आणि त्यांची वजाबाकी होते. म्हणजे वहीत करतो तेच, फक्त आकडे प्रयोगशाळेतून येतात.

पहिली संख्या क्ष-किरणांतून. हेन्री मोज्ली यांनी १९१३-१४ मध्ये मूलद्रव्यांच्या क्ष-किरणांची वारंवारता मोजली आणि तिचे वर्गमूळ अणुअंकाबरोबर सरळ रेषेत वाढते, हे दाखवले. त्यांच्या १९१४ च्या मालिकेची सुरुवातच ॲल्युमिनिअमपासून होते, ती सोन्यापर्यंत जाते. त्यांचा नियम आपणही वापरून पाहू शकतो. ॲल्युमिनिअमच्या मुख्य क्ष-किरण रेषेची ऊर्जा १४८७ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. तिला या नियमातल्या १०.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट या ठरलेल्या आकड्याने भागले की १४५.८ येतात, त्याचे वर्गमूळ १२.०७, त्यात १ मिळवला की १३.०७. म्हणजे अणुअंक १३. शेजारच्या सिलिकॉनची रेषा १७४० ला आणि मॅग्नेशिअमची १२५४ ला पडते, त्यामुळे घोळ व्हायला जागाच नाही.

दुसरी संख्या वस्तुमान वर्णपटमापीतून. त्यात अणूंचे आयन करून ते विद्युत व चुंबकीय क्षेत्रांतून नेतात आणि वस्तुमानानुसार वेगळे करतात. शुद्ध ॲल्युमिनिअमला २७ पाशी एकच शिखर मिळते. २५, २६ किंवा २८ पाशी ॲल्युमिनिअमचे काहीच दिसत नाही.

व्यवहारात इथे एक अडचण येते. नमुन्यात कार्बन, नायट्रोजन, हायड्रोजन असतील तर हायड्रोजन-१, कार्बन-१२ आणि नायट्रोजन-१४ यांचा मिळून बनलेला आयनही २७ पाशीच पडतो. तसेच बोरॉन-११ आणि ऑक्सिजन-१६ यांची जोडीही. साध्या यंत्रात हे सगळे एकाच शिखरात मिसळते आणि ॲल्युमिनिअम आहे त्यापेक्षा जास्त भासते. बारकाईने मोजणाऱ्या यंत्रात ॲल्युमिनिअमचे शिखर २६.९८१५ ला आणि त्या कार्बन-नायट्रोजनवाल्या आयनाचे २७.०१०९ ला वेगळे दिसते. दोन्हींत फरक ०.०२९४ चा. ती शिखरे वेगळी करायला सुमारे १००० ची विभेदनक्षमता (वस्तुमान भागिले ओळखता येणारा फरक) लागते.

न्यूट्रॉन हा कण जेम्स चॅडविक यांनी १९३२ मध्ये शोधला. गंमत म्हणजे १४ हा आकडा त्याआधीही हिशेबात होता. तेव्हाची कल्पना अशी होती की ॲल्युमिनिअमच्या केंद्रकात २७ प्रोटॉन आणि त्यांतल्या १४ जणांचा प्रभार खोडणारे १४ इलेक्ट्रॉन कोंबलेले असतात. कल्पना मोडीत निघाली, वजाबाकी तीच राहिली.

ॲल्युमिनिअमच्या आयनात न्यूट्रॉन किती?

१४ च. तीन इलेक्ट्रॉन गमावले की १३ प्रोटॉन, १४ न्यूट्रॉन, १० इलेक्ट्रॉन असा तीन धनप्रभार असलेला आयन तयार होतो. इलेक्ट्रॉन बाहेरचे, केंद्रकाला त्याचे काही घेणेदेणे नाही.

संयुगातले न्यूट्रॉन कसे मोजायचे?

प्रत्येक अणूचे वेगळे काढून बेरीज करायची. ॲल्युमिनिअम ऑक्साइडच्या एका सूत्र-एककात दोन ॲल्युमिनिअम आणि तीन ऑक्सिजन असतात. ऑक्सिजन-१६ धरला तर त्याचे न्यूट्रॉन ८. म्हणून (२ × १४) + (३ × ८) = २८ + २४ = ५२. पडताळा: प्रोटॉन (२ × १३) + (३ × ८) = ५०, एकूण कण १०२, आणि ऑक्साइडचे रेणुवस्तुमान १०१.९६. जमले.

ॲल्युमिनिअम क्लोराइडचे उत्तर मात्र एका आकड्यात देता येत नाही. तीन क्लोरीनपैकी प्रत्येक १८ किंवा २० न्यूट्रॉनचा असू शकतो, म्हणून एका सूत्र-एककात ६८, ७०, ७२ किंवा ७४ न्यूट्रॉन निघतील. प्रश्नात क्लोरीन-३५ असे दिले असेल तरच ६८ लिहा. रेणुवस्तुमान १३३.३४ चे १३३ करून त्यातून ६४ प्रोटॉन वजा केले तर ६९ येतात, आणि ६९ न्यूट्रॉनचे एकही सूत्र-एकक निसर्गातल्या ॲल्युमिनिअम क्लोराइडमध्ये नसते. संपूर्ण रेणूचे वस्तुमान घेऊन एकदम वजाबाकी का करू नये, याचे हे चांगले उदाहरण आहे.

एक ग्रॅम ॲल्युमिनिअममध्ये एकूण किती न्यूट्रॉन?

आधी मोल काढा: १ ÷ २६.९८ = ०.०३७०६ मोल. त्याला ६.०२२ × १० चा २३वा घात या ॲव्होगाड्रो संख्येने गुणले की अणूंची संख्या मिळते: २.२३ × १० चा २२वा घात. प्रत्येकात १४, म्हणून न्यूट्रॉन सुमारे ३.१२ × १० चा २३वा घात.

दोन ठिकाणी पाय घसरतो. इथे मोल काढताना २६.९८ घ्यायचे, कारण आपण वस्तुमानाला भागत आहोत. न्यूट्रॉन काढताना मात्र २७ घ्यायचे, कारण तिथे कण मोजत आहोत. दुसरे, १४ ने गुणायचे विसरून अणूंची संख्याच उत्तर म्हणून लिहिली जाते.

ॲल्युमिनिअमवर न्यूट्रॉनचा मारा केला तर संख्या बदलते का?

बदलते. ॲल्युमिनिअम-२७ ने मंद गतीचा एक न्यूट्रॉन गिळला की १५ न्यूट्रॉनचे ॲल्युमिनिअम-२८ होते. ते सव्वादोन मिनिटांच्या अर्धायुकालाने क्षय पावून सिलिकॉन-२८ बनते. क्षयात एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, म्हणून १३-१५ चे १४-१४. सोबत १.७७९ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण निघतो आणि त्यावरून नमुन्यात ॲल्युमिनिअम किती आहे ते ठरवता येते. हे मोजमाप चटकन करावे लागते. साडेबावीस मिनिटे गेली की दहा अर्धायुकाल उलटतात आणि हजारातला जेमतेम एक अणू उरतो. शिवाय नमुन्यात सिलिकॉन किंवा फॉस्फरस असेल तर वेगवान न्यूट्रॉनच्या आघाताने त्यांच्यापासूनही ॲल्युमिनिअम-२८ तयार होते आणि आकडा फुगतो. त्याची वजावट केल्याशिवाय निकाल धरू नये.

अल्फा कणांचा (दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन मिळून झालेल्या कणांचा) मारा केला तर गोष्ट वेगळी. १९३४ मध्ये इरेन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्युरी यांनी ॲल्युमिनिअमच्या पत्र्यावर पोलोनिअमचे अल्फा कण सोडले, तेव्हा फॉस्फरस-३० तयार झाले. पोलोनिअम दूर केल्यावरही पत्र्यातून पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनसारखेच, पण धनप्रभाराचे कण) निघत राहिले. कृत्रिम किरणोत्सारितेचा हा शोध, आणि त्यासाठी १९३५ चे रसायनशास्त्राचे नोबेल. न्यूट्रॉनचा जमाखर्च तपासा: ॲल्युमिनिअमचे १४ आणि अल्फा कणाचे २ मिळून १६. फॉस्फरस-३० मध्ये १५ गेले, एक सुटा बाहेर पडला.

उत्तरपत्रिकेत नेहमी कोणत्या चुका दिसतात?

‘अणू उदासीन असतो म्हणून न्यूट्रॉनही १३’ ही पहिली. उदासीनता प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्या समान संख्येमुळे येते. न्यूट्रॉनला प्रभारच नसल्याने त्याचा इथे संबंध नाही. दुसरी, २७ हेच न्यूट्रॉन म्हणून लिहिणे, म्हणजे वजाबाकीच न करणे. तिसरी, १३.९८. चौथी जरा वेगळी: इलेक्ट्रॉन संरूपण २, ८, ३ लिहून त्यातून न्यूट्रॉन काढण्याचा प्रयत्न. संरूपणावरून संयुजा कळते, न्यूट्रॉन नाहीत. पाचवी आयनाची: प्रभार ३ आहे म्हणून न्यूट्रॉनमधून ३ वजा करून ११ लिहिणे.

सरावासाठी काही उदाहरणे?

स्वतः करून मग उत्तर पाहा.

सोडिअम, अणुअंक ११, अणुवस्तुमान २२.९९: न्यूट्रॉन १२.
फॉस्फरस, अणुअंक १५, अणुवस्तुमान ३०.९७: न्यूट्रॉन १६.
मॅग्नेशिअम-२५, अणुअंक १२: न्यूट्रॉन १३. इथे तक्त्यातले २४.३१ पाहायचेच नाही, समस्थानिक दिलेले आहे.
सोने, अणुअंक ७९, अणुवस्तुमान १९६.९७: न्यूट्रॉन ११८.
चांदी, अणुअंक ४७, अणुवस्तुमान १०७.८७: ६० किंवा ६२. ६१ लिहिले असेल तर वर तांब्याचा परिच्छेद पुन्हा वाचा.
तीन धनप्रभार असलेला आयन, इलेक्ट्रॉन १०, अणुवस्तुमानांक २७: प्रोटॉन १० + ३ = १३, म्हणून ॲल्युमिनिअम, न्यूट्रॉन १४.

मिश्रधातू केला, वितळवला किंवा गंजला तर न्यूट्रॉन बदलतात का?

नाही. ॲल्युमिनिअम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, तेव्हा अणूंची जागा बदलते. त्यावर ऑक्साइडचा थर चढतो, तेव्हा इलेक्ट्रॉनची देवघेव होते. अशा बदलांत दर अणूमागे जेमतेम काही इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा गुंतलेली असते. केंद्रकातला एक कण उपटायला लाखो इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. भट्टीतून बाहेर काढलेल्या ॲल्युमिनिअमच्या प्रत्येक अणूत आधी होते तेवढेच १४ न्यूट्रॉन असतात.